सहावीच्या वर्गात जाण्याआधी

मुलुंड

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजी अध्यापन पद्धती घेऊन तू बी.एड.ला प्रवेश घेतलास आणि नोकरी मुंबईतल्या साध्या वस्तीतल्या शाळेतच करायची म्हणतेस, हे कळल्यापासून मी फार आनंदात आहे. टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल हे सारे यथाकाल होईल. त्याचे मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत. मला तुझ्याशी वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

एम.ए.ला वाचलेले साहित्य हे तुझे धन आहे, ते जप. पण गोवंडी, मालवणी, धारावीसारख्या ठिकाणी सहावीच्या वर्गात उभी राहशील तेव्हा सर्वांत आधी दुसरीच विद्या लागेल: मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याची. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होते, म्हणजे सहावीतल्या मुलाने ती पाच वर्षे ऐकलेली असते. तरीही धडा घडाघडा म्हणून दाखवणारी मुले तुला भेटतील. त्याच धड्यातला एक शब्द फळ्यावर सुटा लिहिलास की ती गप्प होतील. ती वाचत नसतात. सगळ्यांबरोबर सुरात म्हणून धडा पाठ झालेला असतो. पुढे नववीपर्यंत हे असेच झाकून राहते, आणि मग आपण त्या मुलाला 'कच्चा' म्हणतो.

कारण समजून घे. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार जवळजवळ एकच असतो. इंग्रजीत 'सी' हे नाव. ते अक्षर 'कॅट'मध्ये क होते आणि 'सिटी'मध्ये स. मुले 'सी-ए-टी' घोकतात, पण या तीन नावांतून 'कॅट' कसे निघते ते त्यांना कुणी उलगडून सांगितलेले नसते. तेव्हा आधी ध्वनी शिकव, मग ध्वनी जोडायला शिकव, मग पहिला ध्वनी बदलून 'बॅट', 'मॅट', 'रॅट' मुलांकडूनच काढून घे. सहावीच्या मुलांना हे बाळबोध वाटेल, त्यांना लाजही वाटेल. म्हणून ते वर्गासमोर न करता लहान गटात कर.

मुलांची घरची भाषाही ऐकत जा. मराठी मुलाच्या तोंडी दोन ज असतात, जगातला आणि जिभेतला. पैकी पहिल्यावरून 'झेड'च्या ध्वनीकडे त्याला सहज नेता येते. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी काही मुले 'स्टेशन'च्या आधी इ लावतात. त्यावर वर्गाला हसू देऊ नकोस. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, हे शहरच असे आहे. अडलेल्या मुलाला मराठीत किंवा हिंदीत दोन वाक्ये सांगितलीस तर तुझे इंग्रजी अध्यापन कमी दर्जाचे ठरत नाही, कुणी काही म्हणो.

गट इयत्तेवरून नव्हे, वाचनाच्या पातळीवरून पाड. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेचा 'बालसखी' उपक्रम होता. वस्तीतलीच एखादी तरुणी मागे राहिलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि वाचन, गणिताचा पाया पक्का करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच अधिक फायदा झालेला दिसला. तो अभ्यास इंग्रजीचा नव्हता, पण आपल्याला शिकवणारा आहे.

मुलांचे वाचन सुरू झाले की एन. एस. प्रभूंचे काम वाच. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिणेतल्या शाळांत, मुख्यतः बंगळूरला, व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके देऊन कोडी सोडवायला लावली. लक्ष अर्थावर असले की भाषा आत मुरते, हे त्यांचे म्हणणे. मुंबईच्या मुलाला याहून जवळचे काय असणार? कुर्ल्याहून ठाण्याला साडेआठच्या आत पोहोचायचे तर कोणती लोकल पकडायची, हे त्याला इंग्रजीत विचार. उत्तर त्याला ठाऊक असते आणि ते सांगायची घाईही असते. ती घाईच त्याला बोलते करते.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान 20 आठवडे आंतरवासिता आहे. बहुतेक विद्यार्थी-शिक्षिका तो काळ पाठ-टाचणे आणि तक्ते सजवण्यात घालवतात. टाचण नीट लिही, गुण त्यावरच मिळतात. पण आपला तास नसेल तेव्हा मागच्या बाकावर बस आणि एकाच मुलाकडे पाहत राहा. तो पुस्तक उघडतो तेव्हा त्याचे बोट ओळीवर चालते की शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून तो तोंड हलवतो? असे काही मुलांबाबत रोज वहीत टिपून ठेव. मार्गदर्शक प्राध्यापक ही वही मागणार नाहीत.

दिवाळीत येशील तेव्हा ती वही मात्र घेऊन ये. टाचणे नसली तरी चालतील. एकेका मुलाबद्दल आपण सविस्तर बोलू, आणि पुढच्या सत्रात कुणाला काय द्यायचे ते दोघी मिळून ठरवू.

दादा-वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या