शिक्षकाचा क्रमांक आणि शिक्षकाचे कार्य

(टेनिस-शिक्षक पीटर कार्टर यांच्या चरित्राचा अभ्यास)

"मी स्वतः काही मोठा विद्वान नाही, मग माझ्या हातून मोठी माणसे कशी घडणार?" ही शंका प्राथमिक शिक्षकाच्या मनात केव्हा ना केव्हा डोकावतेच. ती वरवर विनयाची वाटली, तरी कामातील उत्साह हळूहळू पोखरून टाकते. यास्तव एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे तिचा विचार करणे इष्ट होईल. हे उदाहरण क्रीडाक्षेत्रातील आहे. तेथे प्रत्येकाची योग्यता आकड्यांत मोजली जाते. म्हणूनच आपल्या प्रश्नास ते विशेष उपयोगी आहे.

१. खेळाडू

पीटर कार्टर यांचा जन्म १९६४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील नुरिऊट्पा या लहान गावी झाला. द्राक्षमळ्यांविषयी प्रसिद्ध असलेल्या बरोसा खोऱ्यात हे गाव वसले आहे. ॲडलेड शहरी पीटर स्मिथ या शिक्षकांच्या हाताखाली ते टेनिस शिकले. त्यांचे सहाध्यायी व मित्र डॅरेन कॅहिल पुढे जगात २२ व्या क्रमांकापर्यंत चढले आणि १९८८ साली अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळले. कार्टर यांचा एकेरीतील सर्वोच्च क्रमांक मात्र १७३ हाच राहिला. दुखापतींनीही त्यांची पाठ सोडली नाही.

१७३ या आकड्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. जगात टेनिस खेळणारे असंख्य. त्यांत हे स्थान खचित लहान नव्हे. परंतु व्यवसाय म्हणून ते फार कष्टाचे आहे. चार प्रमुख स्पर्धांत पुरुषांच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जणांना क्रमांकाच्या बळावर थेट प्रवेश मिळतो. त्याखालील खेळाडूस आधी पात्रता-स्पर्धेतील तीन सामने जिंकावे लागतात, आणि मग कोठे मुख्य स्पर्धेचे दार उघडते. प्रवासाचा खर्च मात्र बहुधा ज्याचा त्याला सोसावा लागतो. कार्टर स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी 'ओल्ड बॉईज' या क्लबच्या संघाकडून खेळत असत. तेथेच त्यांनी मुलांना शिकविण्याचे काम पत्करले.

२. शिक्षक

याच क्लबमध्ये वयाच्या आठव्या वर्षी रॉजर फेडरर नावाचा एक मुलगा आला. त्याचा जन्म ८ ऑगस्ट १९८१ चा. अडॉल्फ काकोव्स्की या वृद्ध शिक्षकांनी त्याला आरंभीचे धडे दिले. पुढे सुमारे दहाव्या वर्षापासून तो कार्टर यांच्याकडे आला.

मुलाच्या अंगी गुण होते, तसेच अवगुणही होते. फटका चुकला की तो ओरडे, रॅकेट फेकून देई. सामना हरला की रडे. शिक्षक मात्र शांत स्वभावाचे आणि मिस्किल. त्यांनी मुलाच्या संतापावरून त्याच्या कुवतीचा निर्णय केला नाही. फटक्याची ठेवण आणि खेळाचे तंत्र ते घटवून घेत राहिले. आपल्या तंत्राचे श्रेय फेडरर यांनी पुढे कार्टर यांनाच दिले आहे. पराभवाने रडणाऱ्या याच मुलाने २०२४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सांगितले, की आपण एकेरीचे १,५२६ सामने खेळलो व त्यांतील सुमारे ८० टक्के जिंकलो. परंतु गुण मात्र केवळ ५४ टक्केच मिळविले. ज्याला जगाने अजिंक्य मानले, तोही जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावीत होता!

कॅहिल यांनी सांगितलेली एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावी. कार्टर यांनी मोठ्या कौतुकाने आपला हा शिष्य त्यांना दाखविला. कॅहिल यांना त्याच्या डाव्या बाजूचा फटका, म्हणजे बॅकहँड, कच्चा वाटला. ॲडलेडमध्ये आपल्याजवळ याहून सरस मुलगा आहे, असे त्यांचे मत पडले. तो मुलगा लेटन ह्युइट होय. २००१ साली ह्युइट जगात पहिला आला, आणि २००४ साली फेडररही पहिला आला. कॅहिल यांचे मत खोटे ठरले नाही, आणि कार्टर यांचा विश्वासही वाया गेला नाही. एका दिवसाच्या तपासणीत मुलाचा जो कच्चेपणा दिसतो, तो खरा असतो. पण तो अखेरचा नसतो. आणखी एक गोष्ट उघड आहे. एका शिक्षकाचा क्रमांक २२ आणि दुसऱ्याचा १७३. तरी दोघांचेही शिष्य पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

३. निरोप

१९९५ साली, चौदाव्या वर्षी, रॉजर एक्यूब्लां येथील राष्ट्रीय केंद्रात गेला व शिष्याची आणि गुरूची ताटातूट झाली. १९९७ च्या सुमारास बील येथील केंद्रात दोघे पुन्हा एकत्र आले. २००० साली स्वतःचा स्वतंत्र शिक्षक निवडण्याची वेळ आली, तेव्हा फेडरर यांनी कार्टर यांना न निवडता स्वीडनचे पीटर लुंडग्रेन यांना निवडले. लुंडग्रेन हे स्वतः २५ व्या क्रमांकापर्यंत खेळलेले. बालपणापासून ज्याला घडविले, त्याने ऐन उत्कर्षाच्या वेळी दुसऱ्याचा हात धरावा, हा प्रसंग कोणाही शिक्षकास कठीणच. तथापि कार्टर यांनी संबंध तोडले नाहीत. पुढे डेव्हिस चषकासाठी खेळणाऱ्या स्विस संघाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि त्या संघात फेडरर होतेच.

१ ऑगस्ट २००२ रोजी दक्षिण आफ्रिकेत मोटार-अपघातात कार्टर यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे सदतीस होते. पुढच्याच वर्षी, जुलै २००३ मध्ये, फेडरर विंबल्डन जिंकले. त्यांच्या वीस प्रमुख विजेतेपदांपैकी हे पहिले. त्यांतील एकही पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते. शिष्य मात्र विसरला नाही. कार्टर यांच्या वृद्ध मातापित्यांना ते पुढे अनेक वर्षे मेलबर्नच्या स्पर्धेस आपले पाहुणे म्हणून बोलावीत. २०१९ साली एका मुलाखतीत गुरूचे नाव निघताच या जगज्जेत्यास अश्रू आवरले नाहीत.

४. आपल्यासाठी बोध

प्रत्येक वर्गात फेडरर बसलेला नसतो, आणि एकटा शिक्षकही कोणाला घडवीत नाही. परंतु काही गोष्टी या चरित्रावरून निश्चित म्हणता येतात.

(अ) शिक्षकाच्या पदव्यांपेक्षा, योग्य वयात त्याने घालून दिलेले वळण अधिक टिकते. पेन्सिल धरणे, अक्षराची ठेवण, अर्थ समजून वाचणे, ही आपली 'तंत्रे' होत. ती इयत्ता पहिली-दुसरीत बिघडली, तर पुढील शिक्षकास ती सुधारणे जड जाते.

(आ) मुलाचे वर्तन आणि मुलाची कुवत यांची गल्लत करू नये. खोडसाळ वा हट्टी मुलास शिस्त लावावी. पण त्यावरून त्याच्या बुद्धीवर शिक्का मारू नये.

(इ) चौथी वा सातवीनंतर मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाते. पुढे त्याचे यश वर्तमानपत्रात येते, तेव्हा तेथे बहुधा दुसऱ्याच संस्थेचे नाव असते. त्यात आपली हानी नाही. दाखल्यावर सही करणे हा आपल्या कामाचाच भाग आहे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एका 'कच्च्या' मुलाचे नेमके काय कच्चे आहे? ते सुधारण्यास आपण किती दिवस दिले?

२. एखाद्या मुलाच्या वर्तनामुळे त्याच्या अभ्यासाविषयी आपले मत कलुषित झाले आहे काय?

३. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाविषयी पुढील शिक्षकास उपयोगी पडेल अशी कोणती माहिती, गुणपत्रिकेखेरीज, आपण देऊ शकतो?