दोन वह्या, एक यादी

कार्यालयात प्रवेशाची वही वेगळी आणि फीची वही वेगळी असते. संगणकातही असेच आहे, फक्त वहीला तेथे टेबल म्हणतात. दर पावतीवर नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही. स्कॉलर नंबर तेवढा लिहायचा आणि त्यावरून दोन टेबले जोडायची. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० च्या आपल्या लेखात या पद्धतीचा पाया घातला. नावावरून मात्र जोडू नये. कुलकर्णींचे कुळकर्णी केव्हा होतात, हे आम्हा इंदूरकरांना काय सांगायचे!

आता उदाहरण घेऊ. विद्यार्थी चार: अनघा, समीर, रोहिणी, ओंकार. फीच्या टेबलात अनघाचे ५०० रुपयांचे दोन हप्ते, समीर व ओंकारचा एकेक. रोहिणीचे काहीच नाही. 'इनर जॉइन' केले तर चार ओळी येतात. विद्यार्थीही चारच, म्हणून वेबसाइटवरची यादी बरोबर दिसते. पण अनघा दोनदा आली आहे आणि रोहिणी गायब! फी-माफीसाठी जिचे नाव सर्वांत आधी दिसायला हवे, तीच यादीत नाही. पालकांनी व विश्वस्त मंडळींनी अशी यादी पाहताना हे अवश्य विचारावे.

येथे 'लेफ्ट जॉइन' हवे. डावीकडच्या टेबलातील प्रत्येक जण राहतो. रोहिणीसमोर 'नल' येते. नल म्हणजे शून्य नव्हे, नोंदच नाही. मात्र 'फक्त दुसऱ्या सत्राची फी' ही अट 'व्हेअर'मध्ये लिहिली, तर नल त्या अटीत बसत नाही आणि रोहिणी पुन्हा गळते. अट 'ऑन'मध्ये लिहावी. परीक्षेत मुले येथेच गुण घालवतात.

याहून अवघड प्रकार तीन टेबलांचा. अनघाने ग्रंथालयातून तीन पुस्तके नेली आहेत. तिन्ही टेबले एकदम जोडली की दोन हप्ते गुणिले तीन पुस्तके, अशा सहा ओळी होतात आणि फीची बेरीज १००० ऐवजी ३००० दिसते. संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. म्हणून आधी 'ग्रुप बाय' लावून प्रत्येकाच्या फीची बेरीज करावी, पुस्तकांची संख्याही तशीच वेगळी काढावी, आणि मग हे दोन्ही निकाल विद्यार्थ्यांच्या टेबलाला जोडावेत. तेव्हा चार मुलांच्या चारच ओळी येतात, रोहिणीसकट.