बँड पथकांच्या स्पर्धेतील परीक्षण : एक अभ्यास

डिसेंबर उजाडला की चांदवडमध्ये शाळांच्या मैदानांवर साइड ड्रमचा आवाज सुरू होतो. सकाळी बँकेत जाताना तो आमच्या कानावर पडतो आणि पाऊल नकळत तालात पडू लागते. पुढे २६ जानेवारी येते, स्पर्धा होतात, निकाल लागतो. निकाल लागला की अर्धे मैदान टाळ्या वाजविते आणि उरलेले अर्धे मैदान 'वशिला' हा शब्द उच्चारते. आम्हीही बरीच वर्षे तो शब्द उच्चारणाऱ्यांत होतो. परंतु एका स्पर्धेत गुणांच्या टेबलाशी बसण्याचा योग आला आणि आमचे मत बदलले. वशिला कोठेच नसतो असे आमचे म्हणणे नाही. पण कोणाच्याही मनात खोट नसताना, केवळ गुण देण्याच्या आणि मिळविण्याच्या रीतीमुळे जो अन्याय होतो, तो अधिक वेळा होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. विद्यार्थी मित्रांनी व आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

बँड हा विषय आपल्याला परका नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रहाची मिरवणूक निघाली. तिचे वर्णन धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात केलेले आहे. सुमारे मैलभर लांबीच्या त्या मिरवणुकीच्या अग्रभागी लष्करी पद्धतीने वाजणारा बँड होता आणि मागे स्त्री-पुरुष सत्याग्रही शिस्तीने चालले होते. ज्या गावगाड्यात वाजविणे हे ठराविक जातींच्या वाट्याला टाकलेले काम होते, दुसऱ्याच्या वरातीपुढे चालायचे आणि पंगत उठल्यावर जेवायचे, त्याच गावगाड्यातील माणसे त्या दिवशी बँडच्या तालावर स्वतःच्या हक्कासाठी चालली. म्हणून आपल्या वस्तीतले पोर शाळेच्या गणवेशात ड्रम गळ्यात अडकवून उभे राहते, तेव्हा ती नुसती करमणूक नसते. त्याला मिळणारा गुण घरातली तीन पिढ्यांची माणसे ऐकत असतात.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका स्पर्धेत गुणांची बेरीज करण्यासाठी आम्हांला बोलाविण्यात आले. 'बँकेतला माणूस, बेरीज चुकविणार नाही,' एवढीच आमची पात्रता. तीन परीक्षक होते. प्रत्येकाकडे प्रत्येक पथकासाठी ५० गुण. आम्ही बेरीज तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा जुळली, निकाल जाहीर झाला. गावाबाहेरच्या एका लहान शाळेचे पथक सर्वांच्या आधी वाजवून गेले होते. ठिगळ लावलेले ड्रम, पांढरे सदरे, पायांत निरनिराळे बूट, पण पाऊल असे की आमच्यासारख्या अडाण्यालाही रोमांच उभे राहावेत. त्यांचा क्रमांक आला नाही. त्या पथकातला मोठा ढोल वाजविणारा मुलगा टेबलाजवळ येऊन म्हणाला, "साहेब, आमचं काय चुकलं तेवढं सांगा ना." आम्ही गुणपत्रके पाहिली. त्यांवर आकड्याखेरीज एक अक्षर नव्हते. आम्ही त्याला काहीही सांगू शकलो नाही.

बँकेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. दिवसाचा हिशोब पैशासह जुळला म्हणजे सगळे व्यवहार बरोबर झाले असे नव्हे. चुकीच्या खात्यात जमा केलेली रक्कमसुद्धा संध्याकाळी जुळतेच. त्या रात्री घरी बसून आम्ही गुण पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. त्या दिवशीचे खरे आकडे येथे देणे उचित नाही. त्याच धाटणीचे आकडे उदाहरणादाखल घेऊ.

समजा अ, ब आणि क अशी तीन पथके आहेत. पहिल्या परीक्षकांनी त्यांना अनुक्रमे ४६, ४४ व ४३ गुण दिले. दुसऱ्यांनी ४५, ४४ व ४२ दिले. तिसऱ्यांनी ३४, ४५ व ३० दिले. बेरीज केली तर अ ला १२५, ब ला १३३ आणि क ला ११५ होतात. ब पथक आठ गुणांनी पहिले. आता वाचकांनी क्षणभर थांबून पुन्हा पाहावे. तिघांपैकी दोन परीक्षकांच्या मते अ हेच पथक सर्वोत्तम होते. तरीही ते हरले. कारण पहिल्या दोघांनी आपले सर्व गुण तीन-चार गुणांच्या पट्ट्यात दिले आणि तिसऱ्यांनी पंधरा गुणांचा पट्टा वापरला. ज्याचे गुण पसरट त्याच्या मताला जास्त वजन, आणि जो परीक्षक भिडस्तपणे सर्वांना जवळजवळ सारखे गुण देतो त्याचे मत फुकट जाते. कागदावर तिघांना समान अधिकार असतो, प्रत्यक्षात निकाल एकटा माणूस लावून जातो. आणि त्या माणसाला याचा पत्ताही नसतो!

यावर उपाय नवीन नाही. गुणांची बेरीज करण्याऐवजी प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी त्याचे क्रमांक लावायचे आणि मग त्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी तो विजयी. वरच्या उदाहरणात अ चे क्रमांक १, १, २ म्हणजे चार. ब चे २, २, १ म्हणजे पाच. क चे नऊ. निकाल फिरला. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जगातील पाईप बँडच्या मोठ्या स्पर्धा होतात. तेथे याच तत्त्वावर क्रमांकांची बेरीज केली जाते. शिवाय तेथील परीक्षकांची कामे वाटलेली असतात. दोन जण फक्त पाईप ऐकतात, एक जण फक्त ड्रम ऐकतो आणि एक जण सगळ्या पथकाचा मेळ पाहतो. बरोबरी झाली तर मेळ पाहणाऱ्याचे मत ग्राह्य धरतात. या पद्धतीतही दोष आहे, तो लपविण्याचे कारण नाही. एखादे पथक बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस असले तरी त्याला मिळणार पहिलाच क्रमांक, म्हणजे फरकाचे मोल बुडते. परंतु तालुका पातळीवर पेन्सिलीने करता येणारी आणि मैदानातल्या शेवटच्या माणसाला समजणारी रीत हवी. आमच्या मते त्यासाठी क्रमांकांची बेरीजच बरी.

दुसरा प्रश्न पाळीचा. त्या लहान शाळेचे पथक सर्वांत आधी वाजवून गेले होते, हे वर सांगितले आहे. पुढे कोण कसे वाजविणार हे ठाऊक नसल्याने परीक्षक पहिल्या पथकाच्या वेळी हात राखून ठेवतात. याबाबत आमच्या घरचाच अनुभव सांगतो. बँकेत नोटांमधून खराब नोटा वेगळ्या काढाव्या लागतात. सकाळच्या पहिल्या बंडलात जी नोट आम्ही खराब म्हणून बाजूला टाकतो, तशीच नोट दुपारी चार वाजता चालणाऱ्या गठ्ठ्यात जाते. नोट तीच, हात तोच, माप मात्र सरकलेले. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेचे अनेक वर्षांचे निकाल फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या दोन अभ्यासकांनी तपासले आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या स्पर्धेत वाजविण्याचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरतो. तरीही पहिल्या दिवशी वाजविणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता कमी आणि उशिरा वाजविणाऱ्यांना जास्त आढळली. तेथे जगातले नामांकित परीक्षक बसतात. मग आमच्या तालुक्याच्या परीक्षकांना दोष कशाला द्यावा? आमच्याकडे तर चिठ्ठ्याही टाकत नाहीत. ज्या शाळेची गाडी आधी आली ती आधी. आणि एस. टी.ने येणारी लहान शाळा गाडी चुकू नये म्हणून पहाटेच निघते, सर्वांच्या आधी पोहोचते आणि पहिली उभी राहते.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा, आणि आमच्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक. २०१३ साली चिआ-युंग त्साय या संशोधिकेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतील चित्रफिती काही लोकांना नुसत्या ऐकविल्या, काहींना आवाज बंद करून नुसत्या दाखविल्या आणि खरा विजेता ओळखायला सांगितले. ज्यांनी नुसते ऐकले त्यांना तो ओळखता आला नाही. ज्यांनी आवाजाविना नुसते पाहिले, त्यांनी मात्र कितीतरी अधिक वेळा बरोबर ओळखला. म्हणजे संगीताच्या परीक्षणातही कान मागे आणि डोळा पुढे. आता जरीच्या झालरी, टोपीवर तुरे आणि चकचकीत पितळी वाद्ये घेऊन आलेले पथक आणि ठिगळाच्या ड्रमचे पथक एकामागून एक उभे करा. परीक्षक कितीही सज्जन असला तरी त्याचा डोळा त्याच्या पेन्सिलीला काय सांगेल?

यावर इंग्लंडात एक मजेदार उपाय आहे. तेथे यॉर्कशायर-लँकेशायरच्या सीमेवरील सॅडलवर्थ आणि त्याच्या शेजारच्या गावांत 'व्हिट फ्रायडे' या दिवशी ब्रास बँडच्या स्पर्धा असतात. एकेक बँड गावातून वाजवीत येतो आणि नंतर उभे राहून स्पर्धेची धून वाजवितो. परीक्षक बंद गाडीत किंवा पडदे ओढलेल्या खोलीत बसलेला असतो. कोणता बँड वाजवतो आहे हे त्याला दिसत नाही. आपल्याकडे संचलन पाहायचे असल्याने सगळ्यांनाच पडद्याआड बसविता येणार नाही. पण तिघांपैकी एकाला मैदानाकडे पाठ करून बसविणे अवघड आहे का? त्याने फक्त सूर-ताल ऐकावा, बाकी दोघांनी पावले आणि रांगा पाहाव्यात. गणवेशाला गुण द्यायचेच असतील तर ते स्वच्छतेला द्यावेत, किमतीला देऊ नयेत.

संचलनाच्या बाबतीत तर घड्याळ हा सर्वांत निःपक्षपाती परीक्षक आहे. तेज चालीत मिनिटाला साधारण १२० पावले धरतात. सेकंदकाटा पाहून अर्ध्या मिनिटात पावले मोजावीत. साठाच्या आसपास भरली तर चाल बरोबर. वळणानंतर पुन्हा मोजावीत. पथक वळताना चाल बिघडते की टिकते, हे कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाही. नाशिकरोड-देवळालीला तोफखान्याची केंद्रे असल्याने लष्करी बँड जवळून ऐकलेली निवृत्त माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना बोलावावे. पुढाऱ्यांचे सत्कार व्यासपीठावर व्हावेत, त्यासाठी परीक्षकाची खुर्ची वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केवळ चुका मोजून गुण कापावेत, असे सुचविणारेही आहेत. अमेरिकेत ड्रम-बिगुल पथकांच्या स्पर्धांत ही रीत अनेक वर्षे होती. चूक दिसली की परीक्षक खूण करी आणि गुणांचा अंश वजा होई. दिसायला ही पद्धत काटेकोर होती, पण तिच्यात अवघड धून घेणाऱ्याचे नुकसान आणि सोपे वाजविणाऱ्याची चैन होई. १९८३ च्या हंगामानंतर ती सोडून देण्यात आली. आपल्याकडेही दोनच ठेके पाठ करून येणारे पथक 'निर्दोष' ठरते आणि नवी धून बसविणारे मार खाते, हे आम्ही पाहिले आहे.

गटांचाही विचार व्हावा. प्रजासत्ताक दिनानिमित्त होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाईप बँड व मुलींचा पाईप बँड असे चार वेगळे गट असतात. आपल्याकडे बासरी-ड्रमचे पथक आणि ट्रम्पेटचे पथक एकाच यादीत, एकाच मापाने मोजतात.

त्या मुलाचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. पुढच्या वर्षी आयोजकांना भेटून आम्ही तीन गोष्टी मान्य करून घेतल्या. वाजविण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी. स्पर्धेत नसलेल्या एका पथकाला आधी वाजवायला लावून तिन्ही परीक्षकांनी त्याला गुण द्यावेत आणि आपापसांत ताडून पाहावेत, म्हणजे प्रत्येकाचे माप आधीच ठरेल. आणि प्रत्येक गुणपत्रकावर निदान दोन ओळी लिहून त्याची प्रत त्या शाळेला द्यावी. क्रमांकांच्या बेरजेची सूचना मात्र 'लोकांना कळणार नाही' म्हणून बाजूला पडली. ती आम्ही सोडलेली नाही.

त्या वर्षी त्या लहान शाळेची पाळी पाचवी आली आणि त्यांना तिसरा क्रमांक मिळाला. ढोलवाला मुलगा दहावी होऊन गेलेला होता, पण तो पाहायला आला होता. धाकट्या मुलांच्या हातातली गुणपत्रके घेऊन तो तेथेच मैदानावर वाचीत बसला. एका परीक्षकांनी लिहिले होते, 'उजवीकडे वळताना मागची रांग अर्धे पाऊल मागे पडते.' दुसऱ्यांनी लिहिले होते, 'ढोल दमदार, पण धून संपताना घाई.' तिसऱ्यांनी फक्त 'ठीक' असे लिहून सही केली होती. मुलाने पहिल्या दोन प्रती घडी करून शिक्षकांकडे दिल्या आणि तिसरी आमच्यापुढे धरून म्हणाला, "साहेब, यांना पुढच्या वर्षी जरा जास्त लिहायला सांगा."