दैनंदिनी : तिचा उपयोग आणि तिचा साज

डिसेंबर महिना लागला आणि नव्या वर्षाच्या डायऱ्या दुकानांतून दिसूं लागल्या, म्हणजे आमच्या वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो. "सर, मोबाइलमध्यें सगळं टिपून ठेवतां येतं, मग तुम्ही ही जाड वही अजून कशाला बाळगतां? आणि तिच्यांत फुलं-पानं कशाला काढतां?" विचारणाराच्या मुद्रेवर हंसूं असतें. पंचेचाळिशीच्या घरांतल्या शिक्षकानें रविवारीं संध्याकाळीं रंगीत पेन्सिली घेऊन बसावें, ह्याची मुलांस गंमत वाटते, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. ह्या प्रश्नाचें उत्तर तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत देतां येण्याजोगें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम नांवांचा घोळ मिटवूं. रोजनिशी व दैनंदिनी हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. ह्या लेखापुरता मात्र त्यांत भेद मानूं. दिवस सरल्यावर जें घडलें तें लिहून ठेवावयाची ती रोजनिशी. दिवस उगवण्यापूर्वीं जें करावयाचें तें मांडून ठेवावयाची ती दैनंदिनी. पहिली मागें पाहते, दुसरी पुढें पाहते. पुढील वर्षाच्या तारखा छापलेली वही ही कांहीं फार प्राचीन वस्तु नव्हे. लंडन शहरांतील जॉन लेट्स नांवाच्या कागद-विक्रेत्यानें व्यापारी लोकांच्या सोयीसाठीं १८१२ सालीं तशी वही छापून काढिली, आणि तेथून ही चाल जगभर पसरली.

आमच्या हातीं ही वही हौसेनें आली नाहीं. ती एका चुकीमुळें आली. कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. नववींतल्या एका मुलाचा फीच्या सवलतीचा अर्ज आमच्या सहीनें जावयाचा होता. त्यानें कागद आणून दिला. आम्हीं म्हटलें, "ठेव मेजावर, उद्यां पाठवितों." हा 'उद्यां' आम्हीं कोठेंच लिहून ठेविला नव्हता. तो कागद उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत गेला आणि अकरा दिवसांनीं सांपडला. तोंवर मुदत उलटून गेली होती. मुलाचे वडील घाटावर छोटासा धंदा करीत. ते शाळेंत आले आणि रागाचा एक शब्दही न बोलतां म्हणाले, "असूं द्या सर, तुमच्यामागं तरी कामं कां थोडी आहेत!" फीचे पैसे आम्हीं भरले. पण पैशानें भरून येणारी ती गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून तो मुलगा कोणताही कागद आमच्या हातीं देतांना हळूच विचारी, "सर, विसरणार नाहीं ना?"

त्याच आठवड्यांत, गोदाघाटावरील बुधवारच्या बाजारांतून पंचवटींतल्या घरीं परततांना, आम्हीं दोनशें पानांची एक वही विकत घेतली. तारखा घातल्या, कामें लिहिलीं. पंधरा दिवस हा क्रम चालला आणि मग वही कपाटांत जाऊन पडली. कारण उघड होतें. तें वहीचें पान नव्हतें, ती सावकाराची खतावणी होती. उघडावें तों देणें दिसे. आणि देणेकऱ्याच्या दारावरून कोण आपण होऊन जातो? वही असणें पुरेसें नाहीं. वहीकडे परत जाण्याची ओढ असावी लागते, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

ती ओढ आमच्या धाकट्या कन्येनें लाविली. तिनें कपाटांतली वही काढून एका कोऱ्या पानाच्या माथ्यावर आंब्याच्या पानांचें तोरण काढिलें. तें पाहण्यासाठीं म्हणून आम्हीं वही उघडली, आणि उघडलीच आहे तर म्हणून दोन कामें लिहिलीं. दुसऱ्या दिवशीं पुनः उघडली. साजाचा उपयोग तो हा! दाराला तोरण असलें म्हणजे पाहुणा आनंदानें आंत येतो. येथें पाहुणे आपणच, आणि घर आपल्या दिवसाचें.

लिहिलेलें पान सुबक असावें ही गोष्ट कोणी परदेशांतून आपणांस शिकविली असें नव्हे. आमच्या पंचवटीपासून जवळच, नंदिनी व गोदावरी ह्यांच्या संगमावर, टाकळी हें स्थान आहे. तेथें समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तपाचरण केलें अशी परंपरा आहे. त्यांच्या दासबोधांतील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल, काळें व सारखें असावें. ओळी सरळ असाव्यात. पानाच्या सभोंवार जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षरांस धक्का लागत नाहीं. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें वाचवत नाहीं. अशा अर्थाच्या सूचना त्यांत आहेत. लेखण्या, शाया, कागद, रेघा आंखण्याचें साहित्य ह्यांचाही विचार तेथें केला आहे. मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या ग्रंथकारास समासाची जागा कमी महत्त्वाची वाटली नाहीं, हें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. आमच्या वहीच्या चारी बाजूंस दोन बोटें जागा मोकळी असते ती त्या शिकवणुकीमुळें. साज करावयाचा तो त्याच जागेंत. मजकुरावर त्यानें चढाई करावयाची नाहीं.

हातच्या अक्षराचें मोल पाहावयाचें असेल तर रामकुंडावर जावें. दूरदूरच्या गांवांहून यात्रेकरू येतात. तीर्थोपाध्याय त्यांचें गांव व आडनांव विचारतात, जुनी वही काढितात, आणि आजोबा-पणजोबा कधीं आले, बरोबर कोण कोण होतें, तें दाखवितात. यात्रेकरूचें बोट त्या ओळीवर थांबतें, कारण ती ओळ आजोबांच्या हातची असते. छापील अक्षर सर्वांचें सारखें. हातचें अक्षर ज्याचें त्याचेंच. आपली दैनंदिनी कोणी पणतू वाचील अशी अपेक्षा आम्ही बाळगीत नाहीं. पण सहा महिन्यांमागचें पान उघडलें म्हणजे त्या दिवशीं आपण घाईंत होतों कीं स्वस्थ, आजारी होतों कीं आनंदांत, हें अक्षरच सांगतें. ही खूण मोबाइलच्या अक्षरांत उमटत नाहीं.

कोणी म्हणेल, साजाला पैसे लागतात. परदेशी चिकटपट्ट्या व पेनें महाग असतात. ह्यावर आम्ही शरणपूरची आठवण देतों. नाशिकची ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीनें एकोणिसाव्या शतकांत वसविली. गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकेंतील मुलें तेथें ठेवून त्यांस शिक्षण देत असत. जेकब वेनराइट हा त्यांपैकींच एक. १८७२ सालीं संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस जी तुकडी गेली तींत तो होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं त्यांचा देह सुमारें नऊ महिने वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणिला. त्या प्रवासाची रोजनिशी वेनराइटनें लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफनविधि झाला, त्या वेळीं शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तोही होता.

स्वतः लिव्हिंग्स्टन ह्यांच्याजवळचा कागद व शाई १८७१ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत संपली होती. तेव्हां त्यांनीं जुन्या वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर आडव्या ओळी लिहून, बियांपासून केलेल्या शाईनें आपली रोजनिशी चालूच ठेविली. ती शाई पुढें इतकी फिकी पडली कीं विशेष प्रकाशांत छायाचित्रें घेऊन २०११ सालीं तो मजकूर वाचनीय करावा लागला. ह्यापासून दोन धडे घ्यावेत. साहित्य नाहीं ही सबब लिहिणाऱ्यास शोभत नाहीं. आणि चांगली शाई मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी.

तिसरा धडा अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचा. त्यानें आत्मचरित्रांत आपल्या छोट्या वहीचें वर्णन केलें आहे. प्रत्येक पानावर तांबड्या शाईनें आठवड्याच्या सात वारांचे रकाने आंखावयाचे, तेरा सद्गुणांच्या तेरा ओळी पाडावयाच्या, आणि ज्या गुणांत त्या दिवशीं चूक झाली तेथें काळा ठिपका द्यावयाचा. आज कोणतें चांगलें काम करावें, हा त्याचा सकाळचा प्रश्न. कोणतें केलें, हा रात्रींचा. जुने ठिपके खोडून तींच पानें पुनः वापरतां वापरतां कागदास भोंकें पडलीं. तेव्हां त्यानें तो तक्ता हस्तिदंती पानांवर उतरविला, म्हणजे पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजानें पुसतां यावे. आपण निर्दोष झालों असें त्यानें कोठेंही म्हटलें नाहीं. प्रयत्नानें पूर्वींपेक्षां बरे व सुखी झालों, एवढेंच म्हटलें. दैनंदिनीकडून ह्याहून अधिक मागूं नये.

आतां आमची रीति सांगतों.

पहिली गोष्ट, आंखणी. हल्लीं ठिपक्यांच्या कागदाच्या वह्या मिळतात. रायडर कॅरोल नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें २०१३ सालीं जी पद्धति प्रसिद्ध केली, तिच्यामुळें ह्या वह्यांस लोकप्रियता आली. कामापुढें ठिपका द्यावा, काम झालें कीं त्यावर फुली मारावी, पुढें ढकललें तर बाण काढावा, असा तिचा साधा व्यवहार आहे. ठिपक्यांवरून रेघा नेऊन आकृति साधण्याची कला आमच्या घरच्या स्त्रियांस रांगोळीमुळें अवगतच आहे. तेव्हां ह्या कागदाला आपण बिचकण्याचें कारण नाहीं. साध्या वहींत पट्टीनें ठिपके दिले तरी चालतें.

दुसरी गोष्ट, मांडणी. रविवारीं संध्याकाळीं समोरासमोरचीं दोन पानें घ्यावीं. डाव्या पानावर वारांप्रमाणें आपलीं कामें. उजव्या पानावर दुसऱ्यांस दिलेलीं वचनें. हें उजवें पान आमच्या वहीचा प्राण होय. शाळेचें काम निळ्या शाईनें, घरचें हिरव्या. आणि तांबडी शाई केवळ वचनांसाठीं. आपलें स्वतःचें काम राहिलें तर आपण बोलणी खाऊं. वचन राहिलें तर दुसऱ्याचें नुकसान होतें, हा भेद डोळ्यांस दिसला पाहिजे.

तिसरी गोष्ट, साज. चित्र विकतचें चिकटविण्यापेक्षां त्या आठवड्यांत जें डोळ्यांनीं पाहिलें तें काढावें. माघांत द्राक्षांचा घोस, श्रावणांत आघाड्याचें पान. पावसाळ्यांत तर आम्ही समासांत रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची छोटी आकृति काढतों. गोदावरीस पूर आला म्हणजे पाणी कोठवर आलें, हें सारें नाशिक त्या मूर्तीवरून मोजतें : गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्या आठवड्यांत पाणी जेथवर चढलें तेथवर आम्ही निळा रंग भरतों. वर्षाअखेर पानें चाळलीं म्हणजे सबंध पावसाळा डोळ्यांपुढून वाहून जातो. आणि हें चित्र चांगलें साधलेंच पाहिजे असें मुळींच नाहीं. आमचा मारुती पुष्कळदां ओळखूं येत नाहीं.

चौथी गोष्ट, मर्यादा. एका विद्यार्थिनीनें मोठ्या हौसेनें आपली वही आम्हांस दाखविली. जानेवारीच्या पानांवर सोनेरी वेलबुट्टी, मोर, कमळें. काम मात्र एकही लिहिलेलें नव्हतें. फेब्रुवारीपासून पानें कोरीं. आम्हीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सर, इतकं छान पान झालं, त्यावर लिहून खराब करावंसं वाटेना." तिला आम्ही हंसलों नाहीं, कारण आळस इतका सुंदर वेष घेऊन आमच्याकडेही येतो. तेव्हांपासून आमचा नियम असा : आधीं काम लिहावें, मग वेल काढावी, आणि रंगकाम पंधरा मिनिटांहून अधिक चालूं नये. शिवाय रोजच्या रकान्यांत दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. दिवस आपली अडचण घेऊनच येतो, त्याला बसावयास जागा हवी.

मोबाइलशीं आमचें वैर नाहीं. ठरल्या वेळीं घंटा वाजविण्याचें काम तो आमच्या वहीहून चांगलें करतो, आणि तें आम्ही त्याजकडेच सोंपविलें आहे. पण तेथें राहिलेलें काम बोटाच्या स्पर्शानें दिसेनासें होतें. वहींत तें बाण काढून पुढील आठवड्यांत पुनः स्वहस्तानें लिहावें लागतें. तीनदां लिहावें लागलें म्हणजे लाज वाटते, आणि चौथ्यांदा लिहिण्यापेक्षां मनुष्य तें काम करून टाकतो.

आरंभीं सांगितलेला मुलगा दहावी झाला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज घेऊन तो आमच्याकडे आला. नेहमींचा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला दिसला. तेवढ्यांत आम्हीं वही उघडून त्याच्यासमोरच तांबड्या शाईनें त्याचें नांव व तारीख लिहिली. तो क्षणभर त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी दाखवलंय सर, यंदा तेवढं नव्हतं आलं." चूक आमची होती. आम्हीं खोडरबर घेऊन रंग छातीपर्यंत उतरविला. तो गेला, प्रश्न विचारावयाचा राहिला तो राहिलाच. दाखला तिसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं पडला.

विद्यार्थी मित्रहो, यासाठीं नव्या खरेदीची गरज नाहीं. वार्षिक परीक्षा झाली म्हणजे तुमच्या वह्यांचीं मागचीं कितीतरी पानें कोरीं उरतात. तीं काढून, शिवून, जाड पुठ्ठा लावून जूनसाठीं एक दैनंदिनी करा. पहिल्या पानावर काय चित्र काढावें हें आम्ही सांगत नाहीं. पहिली ओळ मात्र सांगतों : आज तुम्हीं कोणास 'उद्यां देतों' म्हटलें असेल, तर त्याचें नांव तेथें लिहा.