गोळी, रंकाळ्याची फेरी आणि कारल्याचा रस

माझी साखर उतरवायला एकाच सकाळी तिघं कामाला लागायचे आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नसायचा. उठल्याउठल्या ग्लिमेपिराइडची गोळी. मग अनशापोटी रंकाळा तलावाला तरातरा फेरी. फेरी संपली की स्टीलचे डबे मांडून बसलेल्या रसवाल्याकडे कारलं आणि जांभूळबीचा पेला. नाश्त्याला साडेनऊ वाजायचे. शिवाय रात्री गुडमारची कॅप्सूल असायची, ती वेगळीच. वजन 86 किलो, कमरेचा घेर 102 सेंटीमीटर. दोन्ही लवकर उतरवायचं होतं.

एके दिवशी रस पिऊन निघालो आणि दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, जीभ अडखळायला लागली. सोबतच्या अण्णांना वाटलं, हार्टचं काहीतरी आहे. त्यांनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं बोटातलं रक्त तपासलं तर साखर 48. सत्तरच्या खाली गेली की ‘शुगर लो’ म्हणतात. साखरपाणी पोटात गेल्यावर मी भानावर आलो. डॉक्टरांनी दिनक्रम विचारला, आणि रसाचं नाव निघताच म्हणाले, “काका, साखरेवर तुम्हाला औषध एक दिलंय, तुम्ही चार घेताय.”

त्यांनी समजावलं ते असं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. तुम्ही जेवलात की नाही, हे ते बघत नाही. म्हणून ती गोळी नाश्त्याच्या घासाबरोबर घ्यायची. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम चालणं थांबल्यावरही काही तास टिकतो. त्यात कारलं. ग्लिमेपिराइडच्याच जातकुळीतलं क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका बाईंच्या जेवणात कारलं आलं आणि औषधाचा परिणाम वाढला, अशी नोंद 1979 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली होती. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी कोसळणं विरळा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र जपायला हवं.

“झाडपाल्याचंच तर आहे, अपाय काय होणार?” हे वाक्य मी रंकाळ्यावर रोज ऐकतो. मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यावरून ते सुचलं आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींसाठी पुढं आणलं. पाल्यात साखर उतरवण्याइतकी ताकद असेल, तर ती नको तितकी उतरवण्याचीही असणार. आणि ताकद नसेल तर त्यावर पैसे का घालवायचे? गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. रसवाल्याच्या पेल्यात आज किती कारलं आहे, हे त्यालाही सांगता येणार नाही.

दुधीच्या रसाचं तर आणखी वेगळं. कडू दुधीत विषारी द्रव्यं असतात. तो रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याचे आणि माणसं दगावल्याचेही प्रकार घडले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं 2011 मध्ये सांगितलं होतं, की रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या आणि हा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. कारल्यात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा कुणाच्या जिभेला कळणार? आमच्याकडे ‘मिक्स’ म्हणून सर्रास तेच विकतात.

वजनासाठी मेहुणीनं गार्सिनियाच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. हे कोकमाच्याच भाऊबंदातलं झाड. अमेरिकेत 135 लठ्ठ माणसांवर बारा आठवडे त्याची परीक्षा झाली. निष्कर्ष 1998 मध्ये आले. कॅप्सूलवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलो घटलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं 4.1 किलो. डबा परत दिला. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळलं. भिंती रंगवणाऱ्यांना ते अजून कळलेलं दिसत नाही.

मग एकावर एक उपाय चढवला की फायदाही वाढतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं 2006 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिननं 26.4 टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून 28.2. चांगलं तपासून घेतलेलं औषध जोडून बेरीज वाढली नाही, तर बिननावाच्या चूर्णाकडून काय अपेक्षा धरायची?

मी व्यायाम सोडला नाही, वेळ बदलली. आता नाश्त्यानंतर चालतो आणि रात्री जेवून शतपावली. शतपावली म्हणजे शंभर पावलं नव्हेत, दहा-पंधरा मिनिटं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरतात. मेथी खातो, पण भाजीत आणि भिजवून. तिच्यातला चिकट तंतू साखर हळूहळू रक्तात सोडतो. तुम्हाला काही पूरक घ्यायचंच असेल, तर बाटली उचलून डॉक्टरांसमोर ठेवा, नाव सांगून भागत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि घरच्या मशीनवर आधी-नंतर साखर मोजून लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. घाम-थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर परत तेवढीच. सावरल्यावर पोळी-भाकरी असं काही खायचंच, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.