एबीएसचा पिवळा दिवा लागला तर

लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, मी व्हेइकल मेकॅनिक होतो. नोकरीतला मोठा काळ श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या ट्रकांखाली गेला. त्यातली एक गाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही. झोजिलाच्या उतारावर बर्फ वितळून रस्ता ओला झाला होता. ड्रायव्हरने ब्रेक मारताच मागची चाकं जाम झाली आणि रिकामा ट्रक घसरत आडवा होऊन डोंगराच्या अंगाला टेकला. दरीच्या अंगाला गेला नाही, म्हणून माणसं वाचली. गाडी वर्कशॉपमध्ये आल्यावर पाहिलं, तर डॅशबोर्डवरच्या एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्याचा बल्बच कोणीतरी काढून टाकलेला. दिवा सारखा लागतो, मग बल्बच नको!

तेव्हापासून गाडी तपासताना मी सगळ्यात आधी चावी फिरवून दिवा लागतो का ते बघतो. तो लागलाच पाहिजे. काही गाड्यांत दोन-तीन सेकंदांत विझतो, तर काहींत, विशेषतः सेन्सरची जुनी तक्रार नोंदलेली असली तर, गाडी ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे गेल्यावरच विझतो. जो दिवा लागतच नाही, तो लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट.

दिवा लागून राहिला म्हणजे ब्रेक गेले असं नाही. हवेचे नेहमीचे ब्रेक चालू असतात, फक्त एबीएस बंद पडतं. ड्रायव्हरने वेग कमी करावा, अंतर वाढवावं, उतारावर खालचा गिअर घ्यावा आणि मुक्कामावर पोचल्याबरोबर कळवावं. हवेच्या दाबाचा इशारा मात्र वेगळा. तो बझर वाजला की गाडी तिथंच बाजूला घ्यायची, पुढे एक मीटरही न्यायची नाही.

दोष शोधताना सगळ्यांची नजर आधी इसीयूवर, म्हणजे एबीएसच्या कंट्रोलच्या डब्यावर, जाते. नवा डबा बसवूनही दिवा तसाच जळत राहिल्याचं मी पाहिलं आहे, कारण बहुतेक वेळा दुखणं चाकापाशी असतं. हबवर दात असलेली एक रिंग असते, जड गाड्यांत बहुधा शंभर दातांची. तिच्यासमोर सेन्सर एका स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट धरलेला असतो. व्हील बेअरिंगमध्ये खेळ आला की डुगडुगणारी रिंग सेन्सरला हळूहळू मागे ढकलते, फट वाढते आणि सिग्नल तुटतो. अशा वेळी सेन्सर हाताने दाबत रिंगला टेकेपर्यंत आत सरकवावा. हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नये. चाक जॅकवर उचलून दोन सेकंदांत एक फेरा या बेताने हाताने फिरवलं, की सेन्सरला जोडलेल्या मीटरवर एसीमध्ये निदान ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर रिंगच्या दातांवरचा गंज, चिखल, तुटका दात बघा. आणि बेअरिंग सैल असेल तर आधी ते नीट करा, नाहीतर सेन्सर पुन्हा मागे सरकणारच.

सेन्सरचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम भरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पुढच्या चाकांची केबल स्टिअरिंगबरोबर रोज वळते, तिथं ती आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते. मीटर लावून केबल हलवून बघितल्याशिवाय हे सापडत नाही. नाल्यातून गेलेल्या आणि जोराच्या पाण्याने धुतलेल्या गाडीचे कनेक्टर उघडून बघा, पिना हिरव्या पडलेल्या असतात. थंडीत चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या उतरल्या तरी दिवा लागतो. चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि इसीयूचे कनेक्टर काढा.

काही वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. चिखलात एक चाक बराच वेळ नुसतं गरगरलं, किंवा पुढच्या-मागच्या टायरांच्या मापात फार फरक असला, तरी दिवा लागू शकतो. काही ट्रकांत डिफरेन्शियल लॉक टाकल्यावर एबीएस मुद्दामच बंद होतं. म्हणून वायरिंग उघडण्याआधी ड्रायव्हरला शांतपणे विचारा: गाडी कुठं होती, लॉक टाकला होता का, टायर कधी बदलला?

दिवा लुकलुकून दोषाचा जो ब्लिंक कोड दाखवतो, तो पुसण्याआधी वहीत उतरवून ठेवा. कितीतरी गाड्यांत पहिला आकडा दोषाचा प्रकार सांगतो आणि दुसरा कुठल्या चाकाचा ते. कोड एकदा पुसला, की दोष पुन्हा उमटेपर्यंत हातात काही राहत नाही. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात गाडी चालवून दिवा विझलेला स्वतः बघा, आणि मगच ड्रायव्हरच्या हाती चावी द्या.