जुन्या बुलेटची कव्हरं आणि बॅरल घरी कशी उजळावीत

यूसीई (गिअरबॉक्ससह एकसंध बांधणीचं) इंजिन येण्याआधीच्या बहुतेक बुलेटमध्ये इंजिनाची कव्हरं अ‍ॅल्युमिनिअमची आणि बॅरल बिडाचं असतं. दोन्ही धातूंची जात वेगळी, म्हणून सफाईही वेगळी. एकच औषध दोघांना लावायला गेलात की काम बिघडलंच.

सुरुवात डाव्या बाजूच्या चेनकेसच्या कव्हरपासून करा. फुटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढलं की ते मधल्या एकाच नटावर सुटतं. खाली तसराळं ठेवा, आतलं तेल सांडतं. उजवीकडच्या टायमिंग कव्हरला मात्र हात सरावल्याशिवाय लागू नका. तेलाचे पंप त्याच कव्हरमध्ये बसतात, त्यात बारीक तेलवाटा आहेत. पॉलिशचा कण तिथे अडकला तर तो थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतो. सँड ब्लास्टिंगला माझा विरोध याच कारणासाठी आहे. बाहेरून भाग सुरेख दिसतो, पण वाळू आत कुठे राहिली ते शेवटपर्यंत कळत नाही.

आधी तेलकटपणा घालवायचा. घमेल्यात रॉकेल घ्या, नसेल तर डिझेल चालेल. पेट्रोल नको, त्याची वाफ भर थंडीतही पेट घेते. अर्धा तास भिजवून जुन्या टूथब्रशने कानाकोपरे घासा. साचलेलं कीट लाकडी चमच्याच्या टोकाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, पोलादी पट्टीने नको. पॅकिंग बसतं त्या पृष्ठभागावर एक खोल ओरखडा गेला की तिथून तेल झिरपत राहतं. जुनं पॅकिंग चिकटलं असेल तर ओलं करूनच काढा. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाणं वाईट. शेवटी भांड्यांच्या लिक्विडने गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

अ‍ॅल्युमिनिअमला कॉस्टिक सोडा कधीच लावू नका. फसफसून हायड्रोजन सुटतो, धातू खाल्ला जातो आणि भाग काळवंडतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही तितकंच घातक.

आता चकाकी. ती पॉलिशच्या डबीतून येते असं अनेकांना वाटतं. खरी येते वॉटर पेपरच्या क्रमातून. खोल चरे असतील तर 320 पासून, नाहीतर 400 पासून सुरू करा. मग 600, 800, 1200. पाण्यात लिक्विडचे दोन थेंब टाका आणि पेपर ओला ठेवूनच घासा. पाणी पाटीच्या दगडासारखं करडं होतं, ते वरचेवर पुसा. पेपर बदलला की घासण्याची दिशाही बदला: 400 आडवा मारला असेल तर 600 उभा. मग भाग उजेडात तिरपा धरून बघा. आधीची आडवी रेघ एकही दिसत नसेल तरच पुढचा पेपर घ्या. इथे घाई केलीत तर पॉलिशनंतर तीच रेघ आरशातल्यासारखी उठून दिसते. कडा आणि कोरलेली अक्षरं यांच्यावर जोर देऊ नका, ती झिजली की परत येत नाहीत. पॅकिंगच्या पृष्ठभागाला पेपर लावूच नका, त्यावर आधीच मास्किंग टेप लावून ठेवा.

1200 नंतर मेटल पॉलिश सुती फडक्याने गोल गोल चोळा. फडकं काळं होत जाईल, ते धातूच्या वरच्या थराचं आहे. स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा चोळा. ड्रिलला बफिंगचं चाक लावणार असाल तर गॉगल आणि मास्क हवाच. चाक कडेवर धरलंत तर भाग हातातून उडतो. अ‍ॅल्युमिनिअमची सुकी धूळ पेट घेऊ शकते, म्हणून त्याच जागी लोखंडाचं ग्राइंडिंग करू नका.

बॅरलचं काम पिस्टन-रिंगच्या वेळी ते सुटलेलं असतानाच करावं. बोअरला तेलाचा जाड हात द्या आणि कागदाचा बोळा कोंबून वरून टेप लावा. फिनमधला गंज तारेच्या ब्रशने काढा. जिथे ब्रश शिरत नाही तिथे हॅकसॉच्या पात्याला एमरी पेपर गुंडाळा. बीड पाण्याने धुतलं तर काही मिनिटांतच नारिंगी लव चढते. म्हणून पाणी टाळा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच रंग मारा. रंग हिटप्रूफच हवा, 300 अंश सेल्सिअसच्या वर टिकेल असा. खाली साधा रेड ऑक्साइड नको, तो तापून पोपडे काढतो. तीन पातळ हात द्या. जाड थर फिनची उष्णता अडवतो. रंग भट्टीत पक्का करायचं तापमान डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, पण स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका.

गंजलेले नट-बोल्ट 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून काही तास ठेवा, खायच्या सोड्याने धुवा, वाळवून तेल लावा. स्प्रिंगा मात्र यात टाकू नका, अ‍ॅसिडने कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

पॉलिश केलेल्या कव्हरला दर पावसाळ्याआधी मेणाचा हात द्यावा. कोकणात, खाऱ्या हवेत, दोन वेळा. आणि वापरलेलं रॉकेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.